तिसाव्या तासाचं ग्रहण

नवं कॅलेंडर घरात आलं की माणसं सुट्ट्या बघतात, गणपती कधी, दिवाळी कधी ते बघतात. मी ग्रहणं बघते. मागच्या पानावर बारीक अक्षरात दिलेलं असतं, स्पर्श किती वाजता, मोक्ष किती वाजता, आपल्याकडं दिसणार की नाही. चष्मा नाकावर ओढून ते सगळं वाचल्याशिवाय मी कॅलेंडर खिळ्याला लावत नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईची ही तऱ्हा. कुणी विचारलं तर सांगते, सवय आहे. खोटं नाही ते.

चैत्र संपत आला की कऱ्हाडच्या माझ्या या दोन खोल्यांत दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बाहेर कॉलेजच्या पोरी परीक्षेचे पेपर हातात घेऊन सावली शोधत चाललेल्या असतात, काय आलं होतं, तू काय लिहिलंस. मी पंख्याखाली पडलेली असते. आणि एकदम तो वास येतो. उबेला ठेवलेल्या अंड्यांचा, ओल्या तुसाचा, आणि त्या पिवळ्या द्रावणाचा, नाकात शिरला की डोळ्यांतून पाणी काढणारा. आता आजूबाजूला अंडं नाही, द्रावण नाही. तरी येतो. मग शहात्तर सालचा उन्हाळा उंबऱ्यात येऊन बसतो आणि पाऊस पडेपर्यंत हलत नाही.

कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. वर पत्रा, पत्र्यावर चिंचेची फांदी. एका भिंतीला बरण्यांत साप, विंचू, मासे, सगळे सारख्याच फिकट रंगाचे झालेले. दुसऱ्या भिंतीला अंडी उबवायची लाकडी पेटी. काचेचं दार, आत दोन दिवे आणि पाण्याची वाटी. मी कोल्हापूरहून एम.एस्सी. होऊन आले होते आणि सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, तेव्हा मला स्वतःबद्दल काय वाटत असेल ते विचारूच नका.

सर पन्नाशीचे होते, बुटके. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चिमटा. बोलणं इतकं कमी की नव्या माणसाला वाटावं, आपलं काही चुकलं. त्यांचा प्रश्न एका ओळीत मावणारा होता. पिल्लाची पाठ मिटते कशी, आणि एखाद्याची मिटायची राहते ती कशानं?

अंडं उबेत एक दिवस राहिलं की बलकावर एक फिकट वर्तुळ दिसतं, नाण्याएवढं. त्याच्या मधोमध रेघ. रेघेच्या दोन्ही अंगांनी दोन घड्या उठतात आणि एकमेकींकडे झुकत येतात. करंजीच्या कडा आपण बोटानं दाबत मिटवत जातो ना, तशा त्या आधी मध्ये कुठंतरी मिळतात आणि मग वर डोक्याकडे, खाली शेपटीकडे मिटत जातात. आत जी नळी होते तिचाच पुढं मेंदू होतो, पाठीतला मज्जारज्जू होतो. तिसाव्या तासाला हे काम ऐन भरात असतं. अजून दोन-चार तास गेले की इवलंसं हृदय उडायला लागतं. मी ते भिंगाखाली पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी जेवले नाही.

काम असं होतं. काही अंडी नेहमीच्या उबेत ठेवायची, काही थोडा वेळ जास्त उबेत. तिसाव्या तासाला एकेक अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचं, बारीक कात्रीनं ते वर्तुळ कडेनं कापून घ्यायचं, टीपकागदाच्या कड्यावर उचलायचं आणि पिवळ्या द्रावणात सोडायचं. द्रावणात गेलं की तो जीव त्या घटकेला असेल तसा थांबतो. मग बघायचं, कुणाची करंजी मिटली, कुणाची उघडी राहिली. तास चुकला की सगळं वाया. दोन तासांनी उघडलंत तर मिटलेली मिटून गेलेली असते, कशी मिटत होती ते काय कपाळ दिसणार?

अंडी आणायचे शंकरमामा. आमच्या खोलीचे शिपाई, मलकापूरचे. गावठी अंडी तुसात रचून पाटीतून आणत. घरी त्यांच्या आईनं उभा जन्म कोंबड्या अंड्यांवर रवणाला बसवलेल्या, त्यामुळं अंड्यातलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा यायचा, त्यात अंडं धरून म्हणायचे, "बाई, ह्यात जीव हाय बगा. ह्ये मातूर मुकं हाय, नगा घालू." मी तरी घालायची. त्यांचं मुकं अंडं कधी बोललं नाही. त्या द्रावणानं माझी नखं कायमची पिवळी झालेली असायची. ती बघून म्हणायचे, "आमच्या बाईंस्नी हळद लागली वो, नवरा तेवढा यायचाय." तो काही आला नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलेलं नाही.

पण त्या पाठीच्या प्रश्नाकडं मी अशीच गेले नव्हते. सरांकडे तीन विषय होते. बेडकाचे मज्जातंतू होते, माशांच्या डोळ्याचं काहीतरी होतं. मी पाठ मागून घेतली. सरांनी का म्हणून विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. चौथीपर्यंत शिकलेली, सांगलीच्या बाजूला कृष्णाकाठी दिलेली. उसाचं घर, माणसं भरपूर. दाजी पलटणीत, वर्षातून दोन महिने घरी. लग्नानंतर चार वर्षांनी तिला दिवस गेले आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला ती आमच्याकडं साताऱ्याजवळच्या गावी आली, ती कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राहिली. पाचवा महिना चालू होता. मीही सुट्टीत घरी होते. आईच्या जुन्या मऊ पातळाचं झबलं करायचं अक्कानं काढलं होतं. घरातली कात्री बोथट. मी माझ्या पेटीतली, बेडूक कापायची, पण नवीकोरी, न वापरलेली कात्री तिला दिली. "बेडकाची हाय, पर बेडूक अजून लागला न्हाई हिला," मी म्हणाले. ती कितीतरी वेळ हसत होती.

त्या संध्याकाळी चंद्रग्रहण होतं. आई पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं ठेवत फिरत होती. आतून ओरडली, "गिराण लागायला आलं, ठिव ती कात्री." अक्का म्हणाली, "एवढा गळा कापते आन ठिवते." दोनदा कात्री चालली. मी तिथंच बसले होते, पुस्तक वाचत. मला तो आवाज अजून येतो, कच्चकन एकदा आणि मग थोडं थांबून दुसऱ्यांदा.

चैत्रात अक्का आमच्याकडंच बाळंत झाली. मुलगी. पाठीच्या खालच्या बाजूला, कमरेच्या थोडं वर, रुपयाएवढी जागा उघडी होती. वरून कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा, आत पाणी. पाय हलत नव्हते. चेहरा मात्र असा देखणा, की सुईण त्या पोरीचं तोंड बघून रडायची आणि पाठ बघून गप्प व्हायची. रेल्वेनं मिरजेला नेली. मी अक्काच्या शेजारी बसले होते, पोरगी पालथी माझ्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, आम्हाला बाहेर बसवलं आणि जे सांगायचं ते सरळ सांगितलं. नऊ दिवस जगली. बारशापर्यंत पोचली नाही, म्हणून तिला नाव नाही. आम्ही ती कधी बोलण्यात आलीच तर पयली म्हणतो.

त्या नऊ दिवसांत अक्काची सासू मिरजेला आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिघी बसलेल्या, आणि अक्का आपल्या तोंडानं सासूला म्हणाली, "आत्याबाई, गिराणात माझ्या हातनं कात्री चालली." कुणी विचारलं नव्हतं तिला. सासू काही दुष्ट बाई नव्हती. तिनं कपाळावर हात मारला, अक्काला जवळ घेतलं आणि रडत रडत म्हणाली, "मग त्या कात्रीनंच पाठ कापली गं लेकराची." मी शेजारी होते. मी बी.एस्सी. झालेली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली. मला त्यावेळी त्यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. तेवढं एक गप्प बसणं मी स्वतःला माफ करते.

त्याच वर्षीच्या जूनला मी त्या लांबट खोलीत गेले. आणि पावसाळ्याच्या मध्यावर, सरांच्या कपाटातल्या एका जाड परदेशी पुस्तकात, चित्राखालच्या दोन ओळींत मला ते सापडलं. माणसाच्या गर्भात हीच नळी चौथा आठवडा संपायच्या आत मिटते. चौथा आठवडा. मी पेरांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. पाळी चुकून अक्काला पुरते पंधरा दिवसही झाले नसतील तेव्हाची गोष्ट. पोरीची पाठ श्रावणातच उघडी राहून गेली होती. कार्तिकात कात्रीला करायला काही उरलंच नव्हतं.

मी पुस्तक मिटून पळतच सुटायला हवं होतं. कऱ्हाडच्या स्टँडवर जाऊन सांगलीची एस.टी. धरायची, एवढंच. पण मी शहाणी ना. आधी सरांना विचारलं, नाव न सांगता, जणू पुस्तकातलीच शंका. सर म्हणाले, "कोंबडी कोंबडी आहे. माणसाबद्दल बोलताना शब्द तोलून बोलावं. घाई करू नका." ते संशोधनाबद्दल बोलत होते. मी ते माझ्या सोयीचं करून घेतलं. आपण पुरतं बघू, आपल्या अंड्यांत बघू, मग सांगू.

पत्रात लिहावं म्हणून आंतर्देशीय पत्र काढून बसले, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. पण अक्काच्या घरी पत्र आलं की ते आधी मामंजी, म्हणजे तिचे सासरे, फोडत. सोप्यात बसून, घसा खाकरून, मोठ्यानं वाचत. दीर, जावा, गडीमाणसं ऐकायला. त्यात मी काय लिहिणार होते? की तुमच्या सुनेची पाळी चुकून किती दिवस झाले होते ते मोजा? मी पत्र फाडायची आणि दुसऱ्या पत्रात ऊस किती वाढलाय ते विचारायची. समोर भेट व्हायची तेव्हा शेजारी कुणीतरी असायचंच. आणि ती हसायला लागली होती थोडी, तिला ते आठवून कशाला द्यायचं, असंही वाटायचं. कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

संक्रांत झाली आणि कळलं, अक्काला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी सासूनं माहेरी पाठवायचं नाही असं ठरवलं. सरळ म्हणालीही, की तिथं गिराणाची पाळणूक झाली न्हाई. आई त्या बोलानं महिनाभर नीट जेवली नाही. आणि पंचांग बघितलं तर चैत्री अमावास्येला सूर्यग्रहण. दुपारचं. अक्काला पुन्हा पाचवा.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण या गोष्टीत मला आजतागायत स्वतःचा राग येतो तो इथं.

त्या अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मी चोवीस अंडी पेटीत ठेवली होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिसावा तास. ग्रहणाच्या वेळा मला माहीत होत्या, पण उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर, सर कोल्हापूरला पेपर तपासायला गेलेले, पुन्हा इतकी चांगली अंडी मिळतील न मिळतील. ठेवली. दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी कोमट पाणी केलं, टीपकागदाची कडी मांडली, कात्री पुसून ठेवली. कात्री तीच. झबल्याची. मिरजेहून परत आल्यावर ती पुन्हा माझ्या पेटीत आली होती आणि मी ती बदलली नव्हती.

शंकरमामा दारात उभे होते. बाहेर ऊन थोडं पांढुरकं झालं होतं, बस, एवढंच. सूर्याचा एवढासा टवका गेला असेल. त्यांनी उबवणीच्या पेटीवर तुळशीची चार पानं ठेवलेली मी बघितली. म्हणाले, "बाई, तुमची भन पोटुशी हाय म्हनं."

"हो."

"मग आज कात्री नका लावू. तुमी शिकल्याल्या, तुमास्नी मी काय सांगावं. पर नका लावू."

मी म्हणाले, "मामा, तसं काही नसतं." आणि अंडं हातात घेतलं. गरम होतं. फोडलं की आत ती करंजी असणार, अर्धी मिटलेली. हातात कात्री घेतली. माझ्याइतकं पक्कं त्या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं की या कात्रीचा सांगलीच्या बाजूला बसलेल्या माझ्या बहिणीच्या पोटाशी काही संबंध नाही. महिनेच्या महिने मी हेच बघत होते. आणि मला तो आवाज ऐकू आला. कच्च, आणि मग थोडं थांबून दुसरा. मनात आलं, आणि समजा? पाळलं तर काय बिघडतंय?

मी अंडं परत ठेवलं. कात्री खाली ठेवली. स्टुलावर बसले, हात मांडीवर उपडे, ग्रहणात पोटुशी बाई बसते तशी. शंकरमामा दाराच्या पायरीवर बसले. पेटीत चोवीस पाठी आपापल्या वेळेनं मिटत होत्या आणि मी बघत नव्हते. मोक्ष होईपर्यंत तिसावा तास कधीच होऊन गेला होता.

नोंदवहीत काहीतरी लिहायला हवं होतं. कोयनेच्या भूकंपाचे धक्के तेव्हा अधूनमधून बसायचेच. बरण्या किणकिणायच्या, पेटीतली अंडी एकमेकींवर टकटक करायची, आणि एखादा संच बिघडला तर आम्ही लिहायचो, धक्का. त्या दिवशी पानसुद्धा हललं नव्हतं. मी लिहिलं, दुपारी चारला धक्का, संच बाद. सरांनी परत आल्यावर वाचलं, मान हलवली, पुढचं पान उलटलं. त्यांच्या निबंधात त्या संचाचा उल्लेख नाही. खोटं लिहिलेलं शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले, नोंदवहीत असेल तेच लिहा.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. चोवीस अंडी गेली, गेली. पण त्या संध्याकाळी माझा जीव भरून आला होता आणि मी अक्काला पत्र लिहिलं. जे पत्र वर्षभर लिहिता येत नव्हतं त्याच्या जागी हे किती सहज लिहिलं गेलं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, मामंजींनी खुशाल मोठ्यानं वाचावं असं होतं. लिहिलं की अक्का, आज ग्रहणात मी तुझ्यासाठी काम बंद ठेवलं, कात्रीला हात लावला नाही, तू काळजी करू नकोस.

भाद्रपदात अक्का बाळंत झाली. गौरी-गणपती नुकते उठले होते. मी सुट्टी काढून गेले. मुलगीच, पण धडधाकट, पाय झाडत रडणारी. मी तिला पालथी घेतली आणि पाठीवरून बोट फिरवलं, मानेपासून खालपर्यंत, दोनदा. अक्का माझ्याकडं बघत होती. घरात आनंद होता. सासूबाईंनी मला बघितल्या बघितल्या माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाल्या, "तुमचं पत्र आमच्या मालकांनी समद्यांस्नी वाचून दावलं. एवढी शिकल्याली पोर, पर पाळलं बगा म्हनले. आता ज्ये न्हाई म्हनतील त्येंनी ह्ये वाचा म्हनले." पत्र घडी घालून देवघरात ठेवलेलं होतं.

त्या बाहेर गेल्या तशी अक्का हळूच म्हणाली, "सुमे, तुला एक इचारायचं हुतं वरीसभर. पर आता न्हाई इचारत."

"काय गं?"

"मला वाटायचं, तू एवढी शिकलीस. तू तरी म्हनशील, अक्का, तसं काय नसतंय. वाट बघत हुते म्या. मग तुझं पत्र आलं." ती पोरीला थोपटत होती, थोपटणं थांबलं नाही. "मंजी तुला बी तसंच वाटतंय. आन बघ, ह्या टायमाला पाळलं तर कशी चांगली झाली. पयली माझ्याच हातानं गेली बघ."

आवाज रडका नव्हता तिचा. शेजारणीला भाजीचा दर सांगावा तसा होता. मी तोंड उघडलं. आता सांगायचं, आत्ता. पण तिच्या मांडीवर ती पोरगी होती, आणि पाळल्यामुळं ती नीट झाली हा त्या घराचा सगळा आधार होता, अक्काचाही. तो कसा काढून घेऊ? आणि काढून घेतला तर ती विचारणार, मग तू का पाळलंस? बाहेरून कुणीतरी चहा घेऊन आलं.

त्यानंतर मी हजारो मुलामुलींना ती पाठ शिकवली. तेहेतीस तासांचं पिल्लू, काचपट्टीवर, भिंगाखाली. प्रत्येक वर्षी फळ्यावर करंजी काढून सांगायची, आणि माणसात हे चौथ्या आठवड्यात होतं बरं का, त्यामुळं ग्रहणाचा नि व्यंगाचा काडीचा संबंध नाही. पोरं हसायची, वहीत लिहून घ्यायची. परीक्षेत बरोबर लिहायची. कोण कुठल्या गावची ती पोरं, कुणाकुणाच्या आयांना त्यांनी घरी जाऊन सांगितलंही असेल. माझ्या पदव्या वाढल्या, पगार वाढला. मी अक्काकडं दिवाळीला जायची, चार दिवस राहायची, पाठीला पाठ लावून आम्ही झोपायचो.

अक्कानं पुन्हा कात्री हातात घेतली नाही. विळी चालायची, खुरपं चालायचं, कात्री नाही. पोरीचे फ्रॉक शिंप्याकडं. घरात काही शिवायचं झालं तर धागा दातानं तोडायची. म्हातारपणी पुढचे दात पडले तेव्हा नातीला हाक मारायची, एवढा धागा तोड गं. घरच्यांना ती तिची लकब वाटायची. सुना हसायच्या. मीही हसायची त्यांच्याबरोबर, काय करणार?

चार वर्षांपूर्वी अक्काला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. पोटाचं दुखणं, वय झालेलं. मी सोबतीला गेले. तो दवाखाना निराळा, पण व्हरांडे सगळे सारखेच. तपासणीला नंबर लागायचा होता म्हणून तिला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर ठेवलेलं. समोरच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता, पोटुशी बाई आणि हातात गोळी. अक्काची नजर मंद झाली होती. म्हणाली, "काय लिवलंय गं त्यात?"

मी वाचलं. नेहमी वाचते तसं, सरळ मोठ्यानं वाचून टाकलं. की बाळाचा पाठीचा कणा नीट घडावा म्हणून ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यावी.

"आदीपास्नं?" अक्का म्हणाली.

"व्हय." तिच्याशी बोलताना माझी भाषा गावचीच होते.

"पोट ऱ्हायच्या आदी? मग पाठ कवा तयार हुती?"

मी तिच्याकडं बघितलं. ती तक्त्याकडंच बघत होती. म्हणाले, "पयल्या म्हैन्यातच, अक्का."

तिनं अंगठा पेरांवर ठेवला. पहिलं पेर, दुसरं, तिसरं. सावकाश मोजत होती. पाचव्यावर थांबली, मग पुन्हा मागं आली, पहिल्यापर्यंत. आतून नंबर पुकारला, तो आमचा नव्हता.

"तुला ह्ये कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. अलीकडं कळलं, नवा शोध आहे म्हणता आलं असतं. गोळीचं तर खरंच पुढं कळलेलं, जगालाच पुढं कळलेलं. पण तिनं गोळीचं विचारलं नव्हतं.

"तवाच," मी म्हणाले. "पयली गेली त्याच पावसाळ्यात."

"पत्र लिवलंस त्याच्या आदी."

"व्हय."

मला वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात हातात घेतला आणि नखं बघितली, जणू अजून पिवळी आहेत का ते बघत होती. "मग ठावं असून कात्री खाली का ठिवलीस गं सुमे?"

"तुझ्यासाठी, अक्का," मी म्हणाले.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. हात सोडला नाही. "माझ्यासाठी चालवायची हुतीस की गं."